कावळा बसलेलं घर : संगीत, टॅग आणि यंत्र

या व्याख्यानमालेत माझ्या वाट्याला नेहमी शब्द आणि अर्थ हा प्रांत येतो. आजही तोच आहे, फक्त तो एका नव्या जागी नेऊन बघायचा आहे. यंत्राला शब्द देऊन संगीत करून घेण्याची सोय आता घरोघरी पोचली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वापरूनही पाहिली असेल. एका चौकटीत शब्द टाकायचे : संथ, उदास, भारतीय शास्त्रीय, बासरी, ७० बीपीएम. थोडा वेळ थांबायचं, की गाणं हजर. या शब्दांना टॅग म्हणतात. मराठीत त्याला चिठ्ठी म्हणता येईल, पण टॅग हा शब्द रुळला आहे, तोच वापरतो.

यंत्राला संगीत कळतं का, यंत्र कलावंत आहे का, हे प्रश्न आज मी घेणार नाही. ते फार मोठे आहेत आणि त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला टीका करायची आहे ती टॅगवर. म्हणजे आपण जो शब्द देतो, त्याच्यावर.

माझं म्हणणं असं आहे की टॅग हा शोधण्यासाठी जन्माला आलेला शब्द आहे, आणि आपण त्याला घडवण्याच्या कामाला जुंपलं आहे. ही दोन कामं वेगळी आहेत. आपल्या व्याकरणकारांना आणि नैयायिकांना हा फरक पक्का ठाऊक होता. त्यासाठी त्यांनी एक कावळा पाळला होता.

पतंजलीच्या महाभाष्यात तो कावळा येतो. कोणी विचारतं, देवदत्ताचं घर कोणतं? उत्तर मिळतं, ते बघा, जिथे तो कावळा बसलाय ते. झालं, घर कळलं. आणि भाष्यकार लगेच अडचण काढतात : कावळा उडाला की घर हरवलं! ज्यानं कावळ्याच्या निमित्तानं घरही नीट पाहून ठेवलं, त्याचं काही अडत नाही. ज्यानं फक्त कावळाच पाहिला तो गल्लीत फिरत बसेल. पुढच्या शास्त्रकारांनी यावरून दोन शब्द वेगळे केले, विशेषण आणि उपलक्षण. विशेषण वस्तूच्या अंगात असतं. उपलक्षण वस्तू ओळखायला मदत करतं, पण तिच्या अंगात नसतं. कावळा हे उपलक्षण.

आता हेच वाक्य गवंड्याला सांगून बघा. "मला देवदत्तासारखं घर बांधून दे, ज्याच्यावर कावळा बसतो तसं." गवंडी प्रामाणिक असेल आणि त्याला तेवढंच सांगितलं असेल, तर तो काय करेल? कावळा नक्की आणून बसवेल. घराचं मात्र त्याला जमेल तसं. शोधताना कावळ्यानं काम भागतं, कारण घर आधीच तिथे उभं असतं. बांधताना ते उभं नसतं.

संगीतातल्या टॅगचा इतिहास शोधण्याचाच आहे. रेकॉर्डच्या दुकानातले रकाने, रेडिओचे कार्यक्रम, मग इंटरनेट. २००० साली अमेरिकेत म्युझिक जीनोम प्रोजेक्ट सुरू झाला, पुढे त्यातून पँडोरा ही सेवा उभी राहिली. तिथे शिकलेले वादक एकेक गाणं ऐकून त्याला शेकडो गुण लावत. पुढे लास्ट.एफएमवर सामान्य श्रोतेच गाण्यांना मनात येईल ते टॅग लावू लागले. या सगळ्याचा हेतू एकच, हे आवडलं तर ते ऐका. गाणं तयार होतं, ते सापडवायचं होतं. कावळा पुरे होता.

एक साधं उदाहरण घ्या, 'लो-फाय'. मुळात याचा अर्थ ध्वनिमुद्रणाचा दर्जा कमी, घरच्या घरी केलेलं रेकॉर्डिंग. ती तक्रारही होती आणि पुढे अभिमानही झाला. आता 'लो-फाय' लिहिलं की जुन्या तबकडीची खरखर हवी तशी मिळते, ती तबकडी कधी अस्तित्वात नसताना. गरिबीमुळे आलेली खरखर आता मागवून येते. हा शुद्ध कावळा आहे. आणि गंमत म्हणजे लो-फाय ऐकणाऱ्यांची याबद्दल काहीही तक्रार नाही, त्यांना खरखरच हवी असते. असू दे. जे संगीत स्टुडिओत, बटणांवर, ठरीव ठोक्यांवर जन्मलं, त्याच्या बाबतीत टॅग बऱ्यापैकी विशेषणाचं काम करतो. हाउस, टेक्नो, मिनिटाला १२५ ठोके, चौथाईच्या प्रत्येक ठोक्यावर ढोल. इथे सांगितलेलं आणि घडलेलं जवळजवळ एकच. जाहिरातीच्या मागे वीस सेकंद वाजायचं असेल तरी कोणाचं काही बिघडत नाही. माझा आक्षेप त्याच्यापलीकडे सुरू होतो.

आता हे टॅग यंत्रात येतात कुठून, ते पाहू. कारण कावळा कोणी निवडला हा प्रश्न मोठा आहे.

२०१७ साली गूगलच्या संशोधकांनी 'ऑडिओसेट' नावाचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. यूट्यूबवरच्या वीस लाखांहून जास्त ध्वनितुकड्यांना माणसांनी नावं लावलेली, प्रत्येक तुकडा १० सेकंदांचा. नावांची वंशावळ ६३२ वर्गांची. त्यात कुत्र्याचं भुंकणं आहे, शिट्टी आहे, आणि संगीताचे प्रकारही आहेत. 'म्युझिक ऑफ एशिया' या फांदीवर दोन पानं आहेत, 'कर्नाटिक म्युझिक' आणि 'म्युझिक ऑफ बॉलिवूड'. हिंदुस्थानी संगीताला पान नाही. पण वाद्यांच्या फांदीवर सतार आहे, तबला आहे. काय होणार ते तुमच्या लक्षात आलं असेल. किराण्याचा ख्याल आणि जयपूरचा ख्याल यांना या झाडावर बसायला जागा नाही. जिथे सतार वाजेल, तिथे मात्र नाव लागेल. मग सतार हाच त्या घरावरचा कावळा होतो. मी यात कोणाचा कट बघत नाही. एवढ्या मोठ्या जगाची यादी करायला बसलं की असं होतंच. पण यादी करणाऱ्याच्या अंगणात जे झाड असतं, त्याच्या फांद्या जास्त भरतात, हेही खरं.

पुढचा टप्पा २०२३ चा. जानेवारीत गूगलनं 'म्युझिकएलएम' या यंत्राचा शोधनिबंध काढला आणि त्याच्याबरोबर 'म्युझिककॅप्स' हा संग्रह खुला केला. ५,५२१ तुकडे, ऑडिओसेटमधूनच निवडलेले. दहा व्यावसायिक संगीतकारांनी एकेक तुकडा ऐकून त्याचं वर्णन लिहिलं, एक टॅगांची यादी आणि काही पूर्ण वाक्यं. हे काम मन लावून झालेलं आहे, ते मी नाकारत नाही. हा संग्रह परीक्षेच्या पेपरसारखा वापरला जातो. नवं यंत्र आलं की त्याला ही वर्णनं द्यायची आणि जे निघेल ते मोजायचं. म्हणून मी त्याच्याकडे जास्त बारकाईनं पाहतो, कारण पेपर जसा तशी शाळा.

तुकडा १० सेकंदांचा. आता हिशेब करा. आजच्या ख्यालगायनात विलंबित एकतालाच्या एका मात्रेला चार-पाच सेकंद सहज लागतात. बारा मात्रांचं आवर्तन म्हणजे पाऊण ते एक मिनिट. दहा सेकंदांत दोन, फार तर अडीच मात्रा. त्या तुकड्यात सम येण्याची शक्यता थोडी, आणि सम येताना दिसण्याची शक्यता शून्य. कारण समेवर येणं ही वाट आहे, ठिकाण नाही. गायक आठव्या-नवव्या मात्रेपासून कसा वळतो, मुखड्याला किती उशीर करतो, श्रोत्याच्या अंगात तो ताण कसा चढतो, याला मिनिटभर लागतं. वर्णन लिहिणारा कितीही जाणकार असो, त्याच्या खिडकीतून हे दिसणारच नाही. तो काय लिहील? पुरुषाचा आवाज, संथ, तबला, मागे तंबोऱ्याचा गुंजारव, ध्यानाला योग्य. प्रत्येक शब्द खरा, आणि ख्याल त्यात कुठेही नाही.

हा मुद्दा तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचा तर लक्षणाचे दोष आहेत. लक्ष्याच्या बाहेर पसरलं तर अतिव्याप्ती, लक्ष्याचा काही भाग सुटला तर अव्याप्ती. 'संथ, तंबोरा, ध्यानमय' या यादीत स्पा-मधलं पार्श्वसंगीत बसतं, आणि द्रुत तराणा बसत नाही. दोन्ही दोष एकाच वेळी.

त्याच वर्षी जूनमध्ये मेटा कंपनीनं 'म्युझिकजेन' काढलं. त्याच्या शिकवणीची सामग्री त्यांनी निबंधात स्पष्ट सांगितली आहे, त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं, कारण बाकीच्या पुष्कळ कंपन्या सांगत नाहीत. २० हजार तासांचं परवाना घेतलेलं संगीत. त्यात शटरस्टॉक आणि पाँड५ या विक्रीसंग्रहांतल्या मिळून सुमारे ३ लाख ९० हजार फाइली, फक्त वाद्यसंगीताच्या. म्हणजे गायन बाहेर. आपल्याकडे संगीताची व्याख्या करताना गीत पहिलं येतं आणि वाद्य त्याच्या मागे, इथे पहिलंच पद गळालं. पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. विक्रीसंग्रहातल्या संगीतावरचे टॅग कोण लिहितं? विकणारा, घेणाऱ्यासाठी. उत्साहवर्धक, प्रेरणादायी, कॉर्पोरेट, उबदार. हे शब्द संगीताबद्दल नाहीतच. ते गिऱ्हाइकाच्या व्हिडिओबद्दल आहेत. हे संगीत कुठे लावाल, याची ती सूचना आहे. साडीच्या घडीवर 'लग्नासाठी' असं लिहिलेलं असतं ना, तसं. त्यावरून कोणाला साडी विणता यायची नाही.

यंत्र या शब्दांचं करतं काय, हे थोडं समजून घ्यावं लागेल. फार खोलात जात नाही. एका पद्धतीत शब्द आणि ध्वनी यांना एकाच अवकाशात जागा दिली जाते. जे शब्द ज्या ध्वनींच्या सोबत वारंवार आले, ते त्यांच्या जवळ बसतात. गूगलचं 'मुलॅन' असं शिकलं. त्याला जे शब्द मिळाले ते टॅगांचे, लांब वर्णनांचे, लोकांच्या प्रतिक्रियांचे आणि प्लेलिस्टच्या नावांचे. म्हणजे शब्दाचा अर्थ काय? तर तो कशाच्या शेजारी सापडला. साहचर्य. नैयायिकानं विचारलं असतं, बाबा रे, धूर आणि अग्नी यांचं साहचर्य पाहिलंस, ठीक. पण ओलं लाकूड मध्ये आहे का ते तपासलंस का? त्याला ते उपाधी म्हणतात. यंत्राकडे उपाधी तपासण्याची सोय नाही. सतार शास्त्रीय संगीताच्या शेजारी सापडते, अगरबत्तीच्या जाहिरातीशेजारीही सापडते. दोघी शेजारणी एकमेकींच्या घरात शिरतात.

आणि मग येतं 'मार्गदर्शन'. २०२२ साली एक पद्धत मांडली गेली, आता ती सर्रास वापरतात. यंत्र प्रत्येक पावलाला दोन अंदाज काढतं. एक तुमचे शब्द लक्षात घेऊन, दुसरा ते बाजूला ठेवून. दोन्हींतला फरक घ्यायचा, तो काही पटींनी वाढवायचा, आणि त्या दिशेनं पुढे जायचं. म्युझिकजेनमध्ये हा गुणक मुळात ३ ठेवलेला आहे. विचार करा याचा. टॅगमुळे जे वेगळं पडतं तेच तिप्पट. जे सगळ्या चांगल्या संगीतात समान असतं, दम, विसावा, दोन वाक्यांमधली जागा, ते फरकात येतच नाही, म्हणून ते वाढत नाही. आज्ञा जितकी कडक, तितका कावळा मोठा. एका मर्यादेपलीकडे घर दिसेनासं होतं आणि कौलांवर नुसते पंख.

माझ्या नातीनं मला अशा एका साधनावर बसवलं होतं, नाव घेत नाही, उगाच कोणाला बोल नको. मी लिहिलं : राग भूप, विलंबित एकताल, पुरुष गायक, ख्याल. आलं ते ऐकायला गोड होतं. बासरी होती, मी मागितली नव्हती. तबला मध्य लयीत केरव्यासारखा चालला होता, आणि गळा देवळातल्या घुमाऱ्यातून यावा तसा. आजोबा, किती छान ना, असं ती म्हणाली, आणि मला नाही म्हणवेना. एका प्रयोगावरून सिद्धांत काढू नये, मीही काढत नाही. पण त्यानंतर मी जे लिहिलं ते सांगतो, कारण त्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. मी लिहिलं, बासरी नको. पुन्हा बासरी आली, थोडी जास्तच.

याचं कारण मजेशीर आहे. 'बासरी नको' या शब्दांत बासरी आहे. शेजाराचा हिशेब करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीनं हे वाक्य बासरीच्या जवळच पडतं. म्हणून काही साधनांत वगळण्यासाठी वेगळा रकाना द्यावा लागला. आपल्याकडे वैशेषिकांनी पुढे अभाव हा स्वतंत्र पदार्थच मानला. टेबलावर घट नाही, हे ज्ञान टेबलाचं ज्ञान नव्हे आणि घटाचंही नव्हे. त्याला त्याचा प्रतियोगी लागतो, ज्याचा अभाव ती वस्तू. यावर त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, आणि आमचे विद्यार्थी ते टाळत आले. संगीतात मात्र हे टाळून चालत नाही. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. वर्ज्य म्हणजे नुसते गैरहजर नाहीत. गंधारावरून पंचमावर जाताना मध्यम ओलांडला जातो आणि ते ओलांडणं ऐकू येतं. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जही लवकर हाती लागू देत नाहीत. मारव्याची सगळी बेचैनी त्या न मिळालेल्या षड्जावर उभी आहे. टॅगमध्ये जे आहे ते सांगता येतं. जे मुद्दाम नाही, ते सांगायला वगळण्याचा रकाना पुरत नाही, कारण इथे टाळायचं असतं ते दाखवून टाळायचं असतं.

भावनांच्या टॅगकडे येतो. ऑडिओसेटमध्ये संगीताच्या मनःस्थिती सात आहेत : हॅपी, फनी, सॅड, टेंडर, एक्सायटिंग, अँग्री, स्केअरी. भरताचे रस आठ. बसल्या बसल्या जोड्या लावून पाहिल्या. हास्य, करुण, रौद्र, भयानक यांना जागा मिळाली, टेंडरच्या कोपऱ्यात शृंगाराला थोडं सरकवून बसवता येईल. वीर, अद्भुत आणि बीभत्स उभेच राहिले. भरतानंही स्वरांना रस वाटून दिले आहेत बरं का : मध्यम-पंचम हास्य आणि शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र, अद्भुताला, गंधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स-भयानकाला. तेव्हा आमच्याकडे टॅगच नव्हते, असा दावा मी करत नाही. पण भरताचं ते वाटप नाटकासाठी होतं. रंगमंचावर पात्र होतं, प्रसंग होता, अभिनय होता. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र आले की रस. स्वर त्या मेळ्यातला एक मदतनीस.

आणि पुढच्या साहित्यशास्त्रानं तर याच्यावर नियमच केला. आनंदवर्धन सांगतो की रस त्याच्या नावानं पोचत नाही. कवितेत शृंगार हा शब्द कितीदाही लिहिला तरी शृंगार होत नाही. मम्मटानं काव्यप्रकाशात रसाचं स्वशब्दानं कथन हा दोषांच्या यादीत पहिल्याच रांगेत घातला. आता 'उदास' हा टॅग घ्या. तुम्ही म्हणाल, सर, हा शब्द श्रोत्याला कुठे ऐकवतो आपण? तो कारागिराला सांगतो. मान्य. पण कारागिरानं त्या शब्दाचे विभाव शोधायला हवेत ना? कोण गेलं, कधी गेलं, रडणं दाबलं की सोडलं? यंत्राला 'उदास'च्या शेजारी जे पुष्कळदा सापडलं ते मिळतं : संथ पियानो, पाश्चात्त्य मायनर स्वरमेळ, भरपूर घुमारा. म्हणजे उदास या शब्दाचं ध्वनीत केलेलं भाषांतर. श्रोत्याला शेवटी शब्दच ऐकू येतो. मम्मटाचा दोष मागच्या दारानं आत आला.

पाश्चात्त्यांकडेही हे जुनंच आहे. एदुआर्द हान्सलिक यानं १८५४ साली, संगीताचा आशय म्हणजे भावना हे मत खोडताना ग्लुकच्या 'ऑर्फेओ' या ऑपेरातलं गाणं पुढे केलं. बायको कायमची गेली म्हणून ऑर्फियस गातो, लोक त्यावर रडत, आणि चाल मेजर स्वरमेळातली. हान्सलिकचं म्हणणं, उलट अर्थाचे, बायको सापडल्याचे शब्द घातले तरी हीच चाल तितकीच शोभेल. हान्सलिक पुढे जितका ताणतो तितकं मला पटत नाही. पण शब्द काढून घेऊन या गाण्याचे दहा सेकंद दिले, तर त्याला 'सॅड' कोण लावेल?

आता आक्षेप, आणि तो वजनदार आहे. आपणही संगीत शब्दांनीच शिकवतो की. पंडित भातखंड्यांनी काय केलं? त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. तीत प्रत्येक रागाला थाट, वादी, संवादी, वर्ज्य स्वर, वेळ. हे टॅग नाहीत का? आहेत, दिसायला तसेच आहेत. आणि गवय्यांनी त्यांच्यावर हाच आरोप केला की हा सांगाडा झाला. पण दोन गोष्टी बघा.

भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. सा रे ग प ध. स्वरांच्या यादीनं ते वेगळे होत नाहीत. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला, वादी गंधार, वेळ रात्रीची. देसकार बिलावल थाटात, वादी धैवत, वेळ सकाळची. वादी हा शब्द रागाचं वर्णन करत नाही, तो गाणाऱ्याला काम देतो. इथे थांब, इथून उचल, इथे परत ये. गंधाराला घर मान, मग भूप होईल. धैवतावर बस, देसकार होईल. असेच मींड, कण, खटका, लगाव, जवारी हे शब्द. यांतला एकही शब्द ऐकून मनात चित्र उभं राहत नाही, पण प्रत्येकाचं हातानं किंवा गळ्यानं काहीतरी करता येतं. हे कावळे नाहीत, ही करणी-ओळंब्याची भाषा आहे. गवंड्याला हीच लागते.

दुसरी गोष्ट लक्षणगीताची. भातखंड्यांनी 'चतुर' या नावानं कितीतरी लक्षणगीतं बांधली. रागाची लक्षणं सांगणारे शब्द, त्याच रागात. लहानपणी आम्हांला ती कंटाळवाणी वाटत. काव्य म्हणून आजही वाटतात. पण त्यातली युक्ती बघा, टॅग आणि ज्याला टॅग लावलाय ती वस्तू एकाच श्वासात येतात. नेल्सन गुडमन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९६८च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट'मध्ये शिंप्याकडच्या कापडाच्या नमुन्याचं उदाहरण दिलं आहे. नमुना कापडाचं वर्णन करत नाही, तो पोत स्वतः धारण करतो आणि त्याच्याकडे बोट दाखवतो. लक्षणगीत म्हणजे ज्याच्यावर माहिती छापलेली आहे असा नमुना. तालमीत गुरू "असं नाही, असं" म्हणतो तेव्हा पहिला 'असं' आणि दुसरा 'असं' यांत शब्द म्हणून काडीचा फरक नसतो. फरक मध्ये गाऊन दाखवलेला असतो.

मराठीतलं एक उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'अभंग' हा टॅग. अभंग हे मुळात छंदाचं नाव. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे. लहान अभंगात आठ-आठ. हे कागदावर मोजायचं प्रकरण आहे. वारकरी चालीत दिंडीत म्हटला तरी अभंग, भीमसेनांनी रागात मांडून मैफलीत गायला तरी अभंग, आणि पहाटे एकट्यानं पुटपुटला तरी अभंगच. ध्वनीच्या शेजाराचा हिशेब करणाऱ्याला या तिन्हींत काय समान सापडणार? टाळ आणि पखवाज, तेही पहिल्या दोन ठिकाणीच. मग टाळ-पखवाज म्हणजे अभंग. चरण सात अक्षरांचा झाला, यमक चुकलं, तरी टाळ वाजतायत ना? उद्या असे अभंग हजारांनी बाहेर पडतील, त्यांना 'अभंग' हा टॅग लागेल, आणि पुढचं यंत्र त्यांच्यावरच शिकेल. ज्या मुलांनी पंढरपूर पाहिलं नाही, देवळातलं भजन ऐकलं नाही, त्यांच्या कानाला हाच अभंग ओळखीचा होईल. अक्षरं मोजणारे कान जातील आणि गेल्याचं कोणाला कळणार नाही, कारण टाळ चालू असतील. मला काळजी वाटते ती इथे. यंत्र वाईट गाईल याची नाही.

मग शब्द सोडून नमुनाच द्यावा, असं कोणी सुचवेल. गुणगुणून दाखवा, यंत्र त्यावरून करेल. ही सोय झालेलीही आहे. म्युझिकजेनच्या एका आवृत्तीला चाल ऐकवता येते. ही मला टॅगपेक्षा फार शहाणपणाची वाट वाटते, गुडमनलाही वाटली असती. पण तिथे चाल कशी घेतात बघा. आधी तिचा क्रोमाग्राम काढतात. बारा स्वरांचे बारा कप्पे, आणि प्रत्येक क्षणी सगळ्यांत जोरकस जो असेल तेवढा एक कप्पा ठेवायचा, बाकी टाकून द्यायचं. हे त्यांनी विचारपूर्वक केलं. सगळा तपशील ठेवला तर यंत्र दिलेला नमुनाच जसाच्या तसा उतरवून काढू लागे. म्हणून मुद्दाम अरुंद दार.

त्या दारातून काय आत येत नाही? दोन कप्प्यांमधली मींड येत नाही. दरबारीचा झुलता गंधार आणि काफीतला साधा कोमल गंधार एकाच कप्प्यात पडतात. आणि सप्तक येत नाही, कारण मंद्र, मध्य, तार, तिन्ही सा एकाच कप्प्यात जातात. आता पूरिया आणि सोहनी घ्या. स्वर तेच, दोन्ही मारवा थाटातले. पूरिया मंद्र आणि मध्य सप्तकात रमतो, जड पावलांनी चालतो. सोहनी तार षड्जाभोवती घुटमळते, खाली उतरायला तिला आवडत नाही. चलनातला थोडा फरक कप्प्यांतूनही उरेल, नाही असं नाही. पण तालमीला बसलेल्या पोराला या दोघांतला भेद विचारा, तो बोलणार नाही, नुसता हात खाली आणि वर करून दाखवेल. दारात अडतं ते नेमकं तेवढंच.

क्रोमाग्रामबद्दल दोन प्रश्न आधीच लिहून आले आहेत, ते आता घेतो.